गुंडातात्या आणि काजळ्याचा शेवट

गुंडातात्याला एखादी गोष्ट सांगायची झाली, तर आमच्या गावातली माणसं आधी मनाशी एक ठरवतात. ही गोष्ट उद्या दुपारपर्यंत अख्ख्या वाळवा तालुक्याला कळली, तर चालेल का? चालणार असेल तरच तोंड उघडतात.

आता तात्या चहाडखोर आहे, असं त्याचा वैरीसुद्धा म्हणणार नाही. त्याचा धंदाच तोंडाचा. गेली पस्तीस वर्षं तो जत्रांमधल्या कुस्ती मैदानांत समालोचन करतो. इस्लामपूर, उंब्रज, तिकडं पार कोरेगावपर्यंत, कुठंही आखाड्यात लाल माती पडली की माईक तात्याच्या हातात. डोळ्यांना दिसलं की ते तोंडातून बाहेर गेलंच पाहिजे, मध्ये कुठं थांबायची सोय नाही. पैलवानानं पट काढायला हात घातला, की तो हात समोरच्याच्या गुडघ्याला पोचायच्या आत तात्याचं वाक्य शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचलेलं असतं. अशी सवय घरी आल्यावर खुंटीला टांगता येत नाही.

भरतेश हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. एसटी स्टँडसमोर त्याचं किराणा मालाचं दुकान आहे. भरतेशच्या बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा त्यानं तात्याला बजावलं होतं, की बोलणी पक्की होईपर्यंत कुठं बोलू नको. तात्यानं शब्द दिला. चारच दिवसांनी जत्रेत, दोन कुस्त्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात, हलगीवाला हलगी शेकत बसला होता तेवढ्यात तात्यानं माईकवरून मुलाकडच्या मंडळींचं नाव घेऊन जाहीर स्वागत केलं. लग्न झालं, नाही असं नाही. पण भरतेश अजूनही तो विषय निघाला की गुळाची ढेप जरा जोरात फोडतो.

तात्याची स्वतःची एक आवडती गोष्ट आहे. सतराव्या वर्षी त्यानं तालमीत कोंडीबा वस्तादांना चितपट केलं होतं. वस्ताद म्हणजे गावाला कुस्ती शिकवणारा माणूस, आणि त्या वेळचे कोंडीबा म्हणजे दगडी खांब. ही गोष्ट तात्या चाळीस वर्षं सांगतोय. कोंडीबा वस्ताद आता ऐंशीच्या पुढं आहेत. तालमीच्या दारात स्टूल टाकून बसतात आणि ही गोष्ट सुरू झाली की मिशीवरून हात फिरवत राहतात.

दोन बाबतींत मात्र तात्याची चेष्टा करायची नाही. एक म्हणजे नुरा कुस्ती. कोण पडणार हे दोघा पैलवानांनी आधीच आपापसांत ठरवायचं आणि वर लोकांसमोर झोंबाझोंबी करायची, ह्याला नुरा म्हणतात. नदीपलीकडच्या एका मैदानात तात्याला असा संशय आला, तेव्हा त्यानं माईकवरच सांगितलं, "मंडळी, ही कुस्ती घरनं खेळून आणलेली हाय. माझ्याच्यानं हिचं समालोचन व्हायचं न्हाई." आणि माईक मातीत ठेवून तो चालू लागला. त्या मैदानाचं आमंत्रण पुन्हा आलं नाही. दुसरी बाब म्हणजे तो स्वतःचं बोलणं कधीही परत ऐकत नाही. लोक मोबाईलवर व्हिडिओ काढतात, त्याला दाखवायला येतात, आणि हा तोंड फिरवतो. म्हणतो, "झालेली कुस्ती परत लागत न्हाई गड्या."

अशाच कुठल्या तरी व्हिडिओतून त्याचा आवाज पुण्याला पोचला. एका स्टुडिओतून दीपाली नावाच्या बाईंचा फोन आला. 'विद्युत्पंख' नावाची एक कार्टून मालिका मराठीत यायची होती. पाठीवर विजेचे पंख असलेला एक पोरगा शहर वाचवत उडत असतो, अशी. त्यातल्या दैत्याला आवाज पाहिजे होता. त्याचं नाव काजळदैत्य. गिरण्यांच्या धुराड्यांत राहायचं आणि शहरातले दिवे गिळायचे, हे त्याचं काम.

"राक्षसाचा आवाज काढायला पुण्याला कशाला जायाचं?" तात्याची बायको, आमच्या सुरेखावहिनी, म्हणाल्या. "घरात काय कमी काढता व्हय?"

पण तात्या गेला. पहिल्याच दिवशी दीपालीबाईंनी एक कागद पुढं केला. मालिकेत पुढं काय होणार ते कुणालाही सांगायचं नाही, आणि सांगितल्याचं कळलं तर काम बंद. तात्यानं तो घरी आणून वहिनींना दाखवला. वहिनींनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"सही करू नका."

"का?"

"तुमच्या पोटात पाणी ठरत न्हाई. चार महिने गुपित कुठलं ठरतंय?"

"सुरेखा, तू बघच," म्हणून तात्यानं तिथंच, फ्रिजवर कागद ठेवून सही केली. त्या घटकेपासून पुण्याचं काम आणि घरातली पत, दोन्ही एकाच दाव्याला बांधली गेली.

मालिका सुरू झाली. दर रविवारी सकाळी अकरा वाजता. तात्याचा आवाज धुराड्यातून घुमत यायला लागला तेव्हा आमची पोरं आधी घाबरली, मग त्यांना अभिमान वाटला, आणि मग ती तात्याकडं जरा तिरक्या नजरेनं बघायला लागली. वहिनी दळपाला गेल्या तर तिथं बाया म्हणायच्या, "या, काजळ्याच्या मालकीणबाई." वहिनींना ते लागायचं. तरी त्यांनी एकही भाग चुकवला नाही. कणीक मळता मळता सगळी मालिका त्यांना तोंडपाठ झाली.

चैत्र लागायच्या सुमाराला तात्या शेवटच्या भागासाठी पुण्याला जाऊन आला. आणि गप्प झाला.

आता तात्या गप्प, ही आमच्या गावात साधी गोष्ट नाही. सकाळी तो स्टँडवर आला, चहा घेतला आणि काही न बोलता परत गेला. हे बघून भरतेशनं दुकानातलं गिऱ्हाईक तसंच सोडलं. कुणी म्हणालं घसा बसलाय. कुणी म्हणालं पुण्यात काही तरी भानगड झालीय. वहिनींना वेगळाच संशय. ह्यांना कामावरून काढून टाकलंय आणि हे सांगत नाहीत.

तात्याला तर सगळ्या गावाचाच संशय, की जो तो आपल्याकडून शेवट काढून घ्यायला टपलाय. धनाजी न्हाव्यानं दाढीला साबण लावता लावता नेहमीप्रमाणं विचारलं, "काय तात्या, काय विशेष?" तात्या एका गालाची दाढी तशीच ठेवून उठला. धनाजी वस्तरा हातात धरून बघतच राहिला. वीस वर्षं तो रोज प्रत्येकाला हेच विचारत आला होता.

भरतेशकडं गेला तर तिथंही तेच.

"मला कायच ऐकायचं न्हाई गड्या," भरतेश म्हणाला. "खरंच."

"मग खुर्ची कशाला पुढं सरकवलीस?"

"बसायला दिली."

"रोज पोत्यावर बसतोय मी. आजच खुर्ची का?"

भरतेशनं खुर्ची आत नेऊन ठेवली. तरी जाता जाता एक खडा टाकून बघितलाच, "काजळ्या मरतोय म्हणं शेवटी." तात्या म्हणाला, "रविवारी बघ," आणि वळूनही न बघता निघाला. मागं वळलो असतो तर तोंडावरनं ओळखलं असतं त्यानं, हे तात्यानं नंतर आम्हाला सांगितलं.

घरात वहिनींनी खपली गव्हाची खीर केली. तात्यानं ताटाकडं बघितलं.

"आज काय सण हाय?"

"न्हाई. कोठीतला खपली गहू काढला हुता."

"कशाला?"

"खीर करायला."

"मला खीर घालून माझ्याकडनं काय काढून घ्यायचंय?"

वहिनींनी वाटी उचलली आणि खीर शेजारी देऊन आल्या. तात्या त्या दिवशी भाकरी आणि ठेचा खाऊन उठला, पण मनात म्हणाला, एक डाव तर वाचवला.

शेवटच्या भागाला आठच दिवस राहिले होते. त्या रविवारी सकाळच्या भागात काजळ्यानं विद्युत्पंखाला धुराड्याच्या तळाशी फेकून दिलं, आणि त्याचा एक पंख विझला. पोरं न जेवता उठली. दुपारी गावच्या जत्रेचं कुस्ती मैदान होतं.

शेवटची कुस्ती आमच्या शंभूराजची, कोरेगावच्या एका तगड्या पैलवानाबरोबर. समालोचकाला गाव नसतं, असं तात्या नेहमी म्हणतो, आणि तसाच वागतो. पण त्या दिवशी कोरेगावच्या पैलवानानं शंभूराजला खाली घेतलं आणि नऊ मिनिटं मानेवर गुडघा ठेवला. शंभूराज हे तात्याच्याच मांडीवर वाढलेलं पोर. हलगीसुद्धा हळू वाजायला लागली. तात्याचा आवाज आधी खाली गेला आणि मग कुठून तरी खोल विहिरीतून आल्यासारखा वर आला.

"ऊठ पोरा. काजळी माझी, उजेड तुझा. ऊठ."

अंगावर काटा आला सगळ्यांच्या. शंभूराज खालून सुटला, उठला आणि पुढच्याच मिनिटाला ढाक डावावर घेऊन त्यानं समोरच्याला अस्मान दाखवलं. टोप्या उडाल्या. तात्या घाम पुसत खाली उतरला. नेहमीप्रमाणं आपण काय बोललो ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

सोमवारी शाळेत कुजबुज सुरू झाली. मंगळवारी ती भरतेशच्या दुकानात आली. बुधवारी इस्लामपूरच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाया एकमेकींना सांगत होत्या, की काजळ्या शेवटी विद्युत्पंखाच्या बाजूनं उभा राहतो आणि त्याला उठवतो. वर ते वाक्यही म्हणून दाखवत होत्या.

गुरुवारी सकाळी दीपालीबाईंचा फोन आला. तात्या पडवीत उभा होता.

"तात्या, शेवट फुटलाय. तुमच्याच तालुक्यातून आलाय. तुम्ही कुणाला बोललात का?"

"आईची आण मॅडम. बायकोलासुदीक सांगितलं न्हाई."

"तुमच्यावर विश्वास आहे माझा. म्हणजे आमच्याकडूनच गेलाय. रेश्मानं रेकॉर्डिंग केलं होतं त्या दिवशी. तिचं आजोळ तिकडंच आहे ना, इस्लामपूरला. तूर्त तिला घरी बसवलंय."

फोन ठेवून तात्या खाटेवर बसला. ही रेश्मा त्याला प्रत्येक वेळी कोमट पाणी आणून द्यायची. त्याला पडद्यावरची अक्षरं दिसायची नाहीत, म्हणून शेवटच्या पानावरची वाक्यं तिनंच मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिली होती. तो कागद तात्यानं घरी आणला होता. आणला आणि लपवला. कुठं? धान्याच्या पत्र्याच्या कोठीत, अगदी तळाला.

तात्या हळूच उठला.

"सुरेखा, खपली गहू कोठीतनं तूच काढला हुतास न्हवं?"

"मग काय कोठीनं आपणहून काढून दिला?"

"तवा तुला कायतरी घावलं."

"काय घावलं?"

"कागुद."

वहिनींनी कोठीचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून घडी केलेला कागद वर काढला. त्याला सुतळीची गाठ मारलेली होती. गाठ जशीच्या तशी होती.

"ह्यो?"

तात्यानं गाठ उलटीपालटी करून बघितली. "गाठ परत मारता येती," तो म्हणाला.

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं, हे आम्हा सगळ्यांचं मत आहे आणि आता त्याचंही. वहिनींनी कागद त्याच्या हातात दिला. पदर खोचला आणि पायात चपला घालून त्या बाहेर पडल्या. मैदान असतं तर तात्या म्हणाला असता, की पैलवान कपडे काढून उतरला.

त्या थेट दुकानात गेल्या. "भावजी, काजळ्याचं तुमाला कुणी सांगितलं?"

भरतेश आधीच हात जोडून उभा. "वैनी, देवाशप्पत, गुंडानं न्हाई. आमच्या आर्जवनं सांगितलं."

आर्जव म्हणजे भरतेशचा नातू, पाचवीतला. तो आत बसून गणितं सोडवत होता. वहिनींनी त्यालाही तेच विचारलं.

"आजी, तात्याआजोबाच की बोलले," आर्जव म्हणाला. "मैदानात. माईकवरनं."

"काय बोलले?"

"काजळी माझी, उजेड तुझा. हे वाक्य आतापर्यंतच्या एकाबी भागात न्हाई. मी सगळे बघितल्यात. आवाज काजळ्याचा आणि वाक्य नवीन, म्हंजे ते शेवटच्याच भागात असणार. आणि काजळ्या पोरा म्हणतोय, ऊठ म्हणतोय. म्हंजे तो चांगला झाला."

वहिनींनी कपाळाला हात लावला. सगळे भाग त्यांनीही बघितले होते. मैदानातही त्या होत्या. पण नवऱ्याच्या बोलण्याकडं लक्ष द्यायची सवय त्यांना गेल्या तीस वर्षांत कशी राहणार?

भरतेशच्या मोबाईलमध्ये तो व्हिडिओ होता. वहिनी मोबाईल घेऊन घरी आल्या आणि तात्यासमोर खाटेवर ठेवला.

"ऐका."

"मी माझं कवा ऐकत न्हाई."

"आज ऐका."

तात्यानं ऐकलं. हलगी, गलका, आणि मग तो आवाज. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्या वेळी त्यानं स्वतःच बोटानं लावलं. त्याला ते कसं लागतं हेही माहीत नव्हतं, पण लागलं.

"फितूर घरातलाच हाय," तो शेवटी म्हणाला.

"व्हय. कोठीपतुर जायाची गरज न्हवती."

"सुरेखा, ते गाठीचं..."

"ते ऱ्हाऊ द्या. त्या पोरीचं काय करणार?"

आता खरी पंचाईत होती. दीपालीबाईंचा तात्यावर विश्वास होता. तो गप्प बसला असता तर पुढच्या हंगामाचं काम शाबूत, आणि ह्या वेळी त्याला गप्प बसायचा महिनाभराचा सराव झालेला होता. वहिनींनी काही सुचवलं नाही. दारात उभं राहून त्या नुसत्या बघत होत्या. नवऱ्यावर त्यांचा संशय होता की भरवसा, हे त्या चेहऱ्यावरून कोणालाही कळलं नसतं.

तात्या फोन घेऊन अंगणात गेला. हळू बोलणं त्याला येत नाही, त्यामुळं पुढचं सगळं आमच्या आळीनं ऐकलं.

"मॅडम, त्या पोरीला परत बोलवा. तिची काय चूक न्हाई. मी जत्रेत माईकवरनं बोललो. कुस्तीच्या भरात. मला स्वतःला आता कळलं. शब्द माझा मोडला. काय शिक्षा असंल ती मला."

दीपालीबाई म्हणाल्या, "बरं. वरच्यांशी बोलते," आणि फोन बंद झाला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. फोन नाही. आता तात्याच्या डोक्यात नवा संशय शिरला. ह्यांनी आपला आवाज काढून दुसऱ्या कुणाचा तरी घातला असणार. शेवटच्या भागात काजळ्याला बोलायला जेमतेम पानभर आहे. दोन तासांचं काम.

"मी न्हाई येत बघायला," रविवारी सकाळी त्यानं सांगून टाकलं.

"गाव थांबलंय तालमीत. टीव्ही आणलाय भावजींनी दुकानातला."

"दुसऱ्याच्या तोंडनं माझं वाक्य ऐकू व्हय मी?"

"तुमच्या तोंडचं तरी कवा ऐकलंय? चला. उठा."

तालमीत लाल मातीच्या कडेला टेबलावर टीव्ही मांडला होता. पुढं पोरं, मागं बाया, भिंतीला टेकून पैलवान. शंभूराजही होता. कोंडीबा वस्तादांचं स्टूल आत आणलं होतं. तात्या सगळ्यात मागं, दाराजवळ, चपला न काढता बसला. निघून जायला बरं पडावं म्हणून.

भाग सुरू झाला. शहर अंधारात. विद्युत्पंख तळाशी पडलेला, आता दुसराही पंख विझलेला. आणि धुराड्यातून काजळ्या खाली उतरायला लागला. तात्यानं मान खाली घातली. वहिनी टीव्हीकडं बघत नव्हत्या, त्या तात्याकडं बघत होत्या.

"ऊठ पोरा."

तात्याचीच मान वर झाली. आवाज त्याचाच होता. आणि पुढचं त्याला ऐकूच आलं नाही, कारण सगळी तालीमच एका सुरात म्हणाली, "काजळी माझी, उजेड तुझा." पोरांनी शिट्ट्या मारल्या. आर्जवनं सगळ्यांकडं मान फिरवून बघून घेतलं. शेवट तर माहीतच होता, म्हणून दोघं-तिघं पॅन्ट झाडत उठलेसुद्धा.

पण काजळ्या अजून बोलत होता.

"तू मला सात वेळा पाडलंस," तो त्या पोराला म्हणाला. "सातही वेळा मी पडलो. मोठा अंधार मागून येतोय. त्याच्याशी लढायला तुझ्या पंखांत बळ यायला पाहिजे होतं."

उठलेली माणसं उभ्या उभ्याच थांबली. हे कुणालाच माहीत नव्हतं. पडद्यावर शहराच्या पलीकडं खराच एक मोठा काळोख वर यायला लागला, पोराचे दोन्ही पंख एकदम पेटले, काजळ्या आणि तो पाठीला पाठ लावून उभे राहिले, आणि तिथंच हंगाम संपला.

भरतेश हळूच म्हणाला, "म्हंजे हंगामभर नुरा चालली हुती?"

सगळ्या माना दाराकडं वळल्या. नुऱ्यापायी माईक मातीत ठेवून आलेला माणूस चपला घालून तिथं बसला होता.

"मला बी शेवटच्या दिवशी कळलं," तात्या म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही. "दर आठवड्याला पोटातनं वरडलो मी, खरी कुस्ती समजून. आणि शेवटी पान हातात आलं तर ह्ये. तवापासनं अन्न ग्वाड लागलं न्हाई. काय तोंडानं बोलणार हुतो?"

तेव्हा कोंडीबा वस्ताद खाकरले.

"गुंड्या, नुरा दोघांनी ठरवून असतीया. त्या इजेच्या पोराला कुठं ठावं हुतं? वस्ताद पट्ठ्याला खेळवतो, तवा आपली पाठ मातीला लावून घेतोच की. न्हाईतर पोराला कळंल कसं, की मोठा माणूस बी पडतोय?"

तात्या ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. तो उठून मातीच्या कडेकडेनं वस्तादांच्या स्टुलापर्यंत आला.

"आवं वस्ताद. म्हंजे त्या टायमाला, मी सतरा वर्षांचा असताना..."

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला.

पोरं हसली, मग पैलवान हसले, आणि शेवटी तर बायांनी तोंडाला पदर लावले. तात्या मात्र हसला नाही. चाळीस वर्षांचा हिशेब तो मनातल्या मनात पुन्हा मांडत असावा.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. तात्यानं तो सवयीनं स्पीकरवरच घेतला. फोन दीपालीबाईंचा. रेश्मा कालपासून कामावर आली होती, हे त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं. तात्याचा आवाज तसाच ठेवायचा, हे रेश्मानंच हट्ट धरून करून घेतलं होतं. पुढच्या हंगामात काजळ्या आहे, तात्याही आहे. फक्त एक अट होती. ह्यापुढं त्याला शेवट सांगणार नाहीत. एक पान वाचून झालं की मग दुसरं पान मिळणार, आणि घरी कागद न्यायचा नाही.

"म्हंजे कोण पडणार ते मला बी ठावं नसणार?" तात्यानं विचारलं.

"नसणार."

"मग ती खरी कुस्ती," तात्या म्हणाला, आणि महिन्यात पहिल्यांदा त्याचा आवाज तालमीच्या कौलांना लागला.

माणसं पांगली. वहिनी तात्याजवळ आल्या.

"ह्ये सात वेळा पडल्याचं तुमी महिनाभर पोटात ठिवलं?"

"ठिवलं."

"मैदानात बी त्यातलं काय सुटलं न्हाई?"

"न्हाई."

वहिनींनी त्याच्याकडं नीट निरखून बघितलं. माणूस तोच आहे ना, ह्याची खात्री करून घेतल्यासारखं. "खपली गहू अजून हाय कोठीत," त्या म्हणाल्या आणि पुढं निघाल्या.

तात्या मात्र तालमीतच रेंगाळला. टीव्ही गेला, पोरं गेली. वस्ताद एकटेच स्टुलावर राहिले. तात्या त्यांच्यापुढं उकिडवा बसला.

"वस्ताद, आता कोण न्हाई हितं. खरं सांगा. आपणहून पडला हुता, का मी पाडलं हुतं?"

वस्तादांनी दाराकडं बघितलं. मग तात्याच्या हातांकडं बघितलं.

"माईक कुठाय तुझा?"

"घरी हाय."

"तरी बी न्हाई सांगायचा," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी उठायला हात पुढं केला.